जिल्हा जोडला म्हणून विषय लहान होत नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाची पीएचडी नोंदणीची यादी वाचायला घ्या. दोन पानांतच शीर्षकांचा साचा लक्षात येतो. अमुक जिल्ह्यातील शेतमजुरांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास. अमुक योजनेचा ग्रामीण महिलांवरील परिणाम, विशेष संदर्भ तमुक तालुका. जागतिकीकरणाचा अमुक व्यवसायावरील परिणाम, कालखंड २००१ ते २०११. यादी मराठी विभागाची असेल तर कुणा लेखकाच्या समग्र साहित्याचा चिकित्सक अभ्यास. विषय फार मोठा आहे असं समितीत कुणी म्हटलं की विद्यार्थी जिल्हा जोडतो. तरीही मोठा वाटला तर तालुका जोडतो, वर्षं घालतो. मग आराखडा मंजूर होतो आणि विषयाला मर्यादा पडली असं सगळे धरून चालतात.

आपल्याकडच्या संशोधनाचं मोठं नुकसान इथेच होतं असं माझं मत आहे. नकाशावर रेघ मारल्याने विषय आटोक्यात येत नाही. एका जिल्ह्यातल्या शेतमजुरांची 'सामाजिक व आर्थिक स्थिती' ही अख्ख्या राज्यातल्या शेतमजुरांच्या स्थितीइतकीच अफाट गोष्ट आहे. मजुरी, कर्ज, जात, शाळा, आजारपण, स्थलांतर, मुलींची लग्नं, सगळं तिच्यात येतं. कमी होतात ती फक्त माणसं. विषय लहान होतो तो प्रश्नाने, आणि नेमका प्रश्न हाती लागायला आधी काम सुरू व्हावं लागतं. वाचावं लागतं, माणसांत जाऊन बसावं लागतं, चार वेळा चुकीच्या दिशेने जाऊन परत यावं लागतं. आपल्याकडे मात्र शीर्षक आधी पक्कं होतं आणि प्रश्न पुढे केव्हातरी सापडेल या भरवशावर विद्यार्थ्याला सोडून दिलं जातं.

ऊसतोड कामगारांचा विषय घेऊ, कारण त्यावर महाराष्ट्रात खूप प्रबंध झाले आहेत आणि यापुढेही होतील. नेहमीचं शीर्षक असतं, 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा समाजशास्त्रीय अभ्यास'. यातला जिल्हा विषय लहान तर करत नाहीच, उलट तो मधोमध तोडतो. बीडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत जातात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचं आयुष्य उसाच्या फडात आणि फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जातं. शीर्षकात बीड जिल्हा असल्यामुळे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन उन्हाळ्यात गावी जातो. तेव्हा माणसं घरी असतात, वेळही देतात. पण ज्या कामावरून त्यांना 'ऊसतोड कामगार' म्हणतात, ते काम त्या वेळी तिथे चालू नसतं. टोळी पहाटे किती वाजता फडात उतरली, गाडी भरायला रात्र झाली का, तान्हं मूल कुठे झोपवलं होतं, हे सगळं आठवणीवर विसंबून विचारावं लागतं. मग तीनशे उत्तरदात्यांचे तक्ते तयार होतात : वय, जात, शिक्षण, घर कच्चं की पक्कं, आरोग्याच्या तक्रारी आहेत की नाहीत. प्रत्येक तक्त्याखाली टक्केवारी वाक्यात लिहून काढलेली असते.

आता याच विषयात एक प्रश्न घालून पाहू. उचल एका हंगामात फिटत का नाही? मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी टोळ्या जमवणारा मध्यस्थ, हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. जोडीला मिळून 'एक कोयता' मोजतात. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी ठरते आणि ती उचलीतून वळती होते. पुरुष ऊस तोडतो, बाई वाढे-पाचट बाजूला करून मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून गाडीपर्यंत नेते, पण हिशोब कोयत्याचा असल्याने तिच्या नावाने वेगळी मजुरी निघत नाही. एखाद्या दिवशी जोडीतलं कुणी आजारी पडलं की खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड. पाऊस आला, कारखान्याचं गाळप बंद राहिलं, गाडी वेळेत आली नाही, की दिवस कोरडा जातो. हंगाम संपतो तेव्हा काही जोड्यांच्या अंगावर बाकी उरते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते.

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर तीनशे माणसं लागत नाहीत. दोन-तीन टोळ्या पुरतात, पण त्यांच्याबरोबर एक अख्खा हंगाम काढावा लागतो आणि रोजचा हिशोब लिहावा लागतो. किती टन झाले, किती दिवस कोरडे गेले, खाडे किती, मुकादमाचं कमिशन किती, कोपीत किराणा कुठून आला आणि त्याचे पैसे कुणी कापले. माणसांची संख्या पाहिली तर हा विषय जिल्ह्याहून कितीतरी लहान आहे. पण त्याचा धागा धरून पुढे जाल तर साखर कारखाना आणि मुकादम यांच्यातल्या करारापाशी पोहोचता, कामगाराला बँक का उभी करत नाही तिथे पोहोचता, मुलांच्या हंगामी वसतिगृहापाशी पोहोचता. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. इतक्या तरुणपणी या बायकांचं गर्भाशय का काढलं गेलं, एवढाच तो प्रश्न होता. तो विचारल्यावर खाड्याचा दंड, फडावर नसलेलं पाणी आणि संडास, कोवळ्या वयातली लग्नं, खासगी दवाखान्यांचा व्यवहार हे सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. 'आरोग्याच्या तक्रारी : आहेत / नाहीत' असा रकाना भरून हे कधीच दिसलं नसतं.

विषय प्रश्नाने कसा बांधायचा याचा उत्तम धडा मराठी वाचकाच्या घरातच आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीइतका पसरट विषय दुसरा सापडणार नाही. त्या निबंधाच्या सुरुवातीला ते सरळ सांगतात की हा विषय सबंध हाताळायला वेळ, जागा आणि बुद्धी तिन्ही अपुरी पडतील, म्हणून जातीची उत्पत्ती, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार एवढ्याच अंगापुरतं मी स्वतःला बांधून घेतो. ही मर्यादा त्यांनी कुठल्या प्रांताचं नाव लावून घातलेली नाही. पुढे ती आणखी आवळत ते एका जागी येऊन थांबतात : जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न.

आणि मग त्या एका गोष्टीतून ते काय काय उलगडतात ते पाहण्यासारखं आहे. गटाला लग्नं गटातच ठेवायची असतील तर लग्नायोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की एक स्त्री 'जास्तीची' उरते, बायको मेली की एक पुरुष. जास्तीच्या स्त्रीचं काय करायचं? तिला नवऱ्याबरोबर जाळा किंवा जन्मभर विधवा ठेवा. जास्तीच्या पुरुषाचं काय? त्याला ब्रह्मचारी ठेवा किंवा अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी त्याला द्या. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या चाली एकाच गरजेतून आलेल्या दिसतात. शंभर वर्षांहून अधिक काळ झाला तरी हा निबंध शिकवला जातो, वादात येतो, त्यावर नवं काम होतं. त्याच विद्यार्थ्याने 'मुंबई इलाख्यातील जातींचा अभ्यास, विशेष संदर्भ रत्नागिरी जिल्हा' असं काही लिहिलं असतं तर ते आज फार तर संदर्भसूचीत उरलं असतं.

त्यांच्या पीएचडीच्या प्रबंधाची वाट तर याहून बोलकी आहे. कोलंबियातल्या त्या कामाचं आधीचं शीर्षक भारताच्या 'नॅशनल डिव्हिडंड'चं होतं, म्हणजे एका अर्थी देशाच्या सगळ्या उत्पन्नाचं. १९२५ मध्ये त्यांचे कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक छापून आलं ते ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीचं, आणि पदवीचे सोपस्कार १९२७ मध्ये पुरे झाले. देशाच्या सबंध उत्पन्नाऐवजी पुस्तकात उरला तो एकच संबंध : मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कोणत्या तत्त्वाने वाटला जात होता? १८३३ च्या केंद्रीकरणापासून १९२१ पर्यंत तो संबंध टप्प्याटप्प्याने कसा बदलला, हे ते दाखवतात. पुस्तकात वर्षं आहेतच, पण ती प्रश्नातून आलेली आहेत. १८३३ मध्ये सगळा महसूल मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला म्हणून तिथून सुरुवात. आपल्या आराखड्यांत कालखंड बहुतेक वेळा जनगणनेचा सोयीचा दशक असतो आणि त्या दहा वर्षांतच का पाहायचं याचं उत्तर विद्यार्थ्याकडे नसतं. केंद्राने आणि राज्यांनी कर कसे वाटून घ्यावेत हा तंटा जीएसटीच्या काळातही मिटलेला नाही, म्हणून तो प्रबंध अजून जुना होत नाही.

विषय वाढवणं हेही तितकंच कष्टाचं काम आहे आणि आपल्याकडे त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. बारीक विषयाची लोक टिंगल करतात. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न केला तेव्हा राज्यभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना तो झोंबला, आणि तो झोंबायलाच हवा होता. पण बारीक विषयाचं काय करायचं, हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी करून दाखवलं आहे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या गोव्याच्या माणसाने प्राचीन चांदीच्या आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, नाण्यांची वजनं करायला घेतली. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं, म्हणजे जास्त फिरलेलं नाणं हलकं भरणार, आणि एका गटातल्या नाण्यांच्या वजनांतली तफावतही काळाबरोबर वाढणार. हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलून पाहिली. जुन्या नाण्यांच्या पाठीवरच्या लहान ठशांची संख्या वजनाशी जुळते का तेही तपासलं. कुणाला वाटावं, नाण्यांच्या झिजेत एवढं काय आहे? पण झिजेवरून नाणी आधीची कोणती, नंतरची कोणती ते लावता येतं. त्यावरून व्यापार केव्हा जोरात होता, केव्हा मंदावला, कुणाच्या राज्यात नाणं पाडलं गेलं, इथपर्यंत जाता येतं. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा ग्रंथ आला, त्यातली दृष्टी तराजूवरच्या अशा कामातून घडलेली आहे. पुढे पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, पायवाटांच्या तिठ्यांवर, शेंदूर फासलेल्या देवींच्या ठाण्यांपाशी ते हिंडले आणि तिथे सापडणाऱ्या दगडी हत्यारांशी त्या ठाण्यांचं नातं जोडत गेले. प्रत्येक वेळी सुरुवात हातात मावेल अशा वस्तूपासून होती आणि पुढची वाट त्या वस्तूनेच काढून दिली होती.

कोसंबींना हे करता आलं कारण नाणी सोडून देवीच्या ठाण्यांकडे जाताना त्यांना कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. आजच्या विद्यार्थ्याचं शीर्षक चांदीच्या नाण्यांचं असतं तर व्यापारमार्गांवरचं प्रकरण 'विषयाबाहेर' म्हणून काढायला लावलं गेलं असतं. असे प्रबंध मी वाचले आहेत, ज्यांत सगळ्यात जिवंत मजकूर परिशिष्टात पडलेला होता, कारण शीर्षकात त्याला जागा नव्हती.

इतिहासातही तेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतर त्यातून निवडून छापलेले पंचेचाळीस खंड हा त्यातला अगदी थोडा भाग. तरीही मराठेशाहीवरचे कितीतरी प्रबंध छापील साधनांवरच एखाद्या सबंध कारकिर्दीचा आढावा घेतात. एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, उघडून त्यातल्या एका परगण्याच्या जमाखर्चावर काम करायचं तर मोडी यायला हवी, आणि ती दोन-चार महिन्यांत हातात बसत नाही. म्हणून मोठा विषय पुष्कळदा सोपा पडतो. त्यात आधीच्या पुस्तकांवरून पानं भरता येतात. लेखकाच्या समग्र साहित्याचा प्रबंध असाच भरतो : जीवनपट, प्रेरणा, कथा, कादंबरी, कविता, संकीर्ण, समारोप. जिल्ह्याच्या प्रबंधात भूगोलाचं एक प्रकरण असतं. त्यात नद्या, पर्जन्यमान, तालुके आणि लोकसंख्या गॅझेटियरमधून उतरवलेली असते आणि पुढच्या एकाही प्रकरणात तिचा उल्लेख येत नाही.

यात विद्यार्थ्याला दोष देणं मला पटत नाही. घरात पहिल्यांदा पदवी घेणारी मुलं-मुली मोठ्या संख्येने पीएचडीला येतात. त्यांना नोकरी हवी असते आणि ती हवी असण्यात काही गैर नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप नोंदणीच्या कागदावर अवलंबून असते आणि नोंदणीला शीर्षक लागतं. शीर्षक बदलायचं म्हणजे अर्ज, मार्गदर्शकाची सही, केंद्रप्रमुखांची शिफारस, पुन्हा समितीची बैठक, आणि ती बैठक केव्हा होईल ते कुणी सांगू शकत नाही. विषय फसला आहे हे दुसऱ्या वर्षी कळूनही मुलं गप्प बसतात आणि आहे तोच रेटतात. मार्गदर्शकही काही वेळा हतबल असतो. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. आठ जणांचे आठ वेगळे, वाढणारे, फाटे फुटणारे विषय सांभाळण्यापेक्षा एकाच साच्यातले आठ जिल्हे सांभाळणं सोपं जातं.

शीर्षक मोकळं सोडलं तर विद्यार्थी भरकटतील, सहा वर्षांतही प्रबंध येणार नाही, असा आक्षेप अनुभवी प्राध्यापक घेतात. त्यात तथ्य आहे. विषय रोज बदलणारा विद्यार्थीही मी पाहिला आहे, आणि नवं काही वाचलं की तिकडे धावणाऱ्याला कुणीतरी थांबवावंच लागतं. पण शीर्षक गोठवल्याने भरकटणं थांबत नाही. तक्ते वाढत जातात, प्रश्नावलीत रकाने वाढत जातात, आणि शेवटी जमवलेल्या माहितीतून काय सांगायचं हेच सुचत नाही. शिफारशींच्या प्रकरणात 'शासनाने लक्ष द्यावे', 'जनजागृती करावी' अशी वाक्यं येतात ती याच अगतिकतेतून. भरकटू नये यासाठी प्रश्नासारखा राखणदार नाही. एखादी माहिती घ्यायची की सोडायची हे ठरवायला त्याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही. दंडाचा हिशोब शोधणाऱ्याला घर कच्चं की पक्कं हे कदाचित लागणारच नाही, पण मुकादमाची वही लागेल.

नियमांत यासाठी जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती आहे. आराखडा तपासून विषय निश्चित करणं हे त्या समितीचं काम आहे आणि विद्यार्थ्याने दर सत्राला तिच्यासमोर उभं राहायचं आहे. म्हणजे विषय कसा आकार घेतो हे वारंवार पाहणारी यंत्रणा कागदावर तयार आहे. प्रत्यक्षात त्या सादरीकरणात प्रगती अहवालावर सह्या होतात आणि 'काम समाधानकारक' असा शेरा पडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नोंदणी अभ्यासक्षेत्रावर आणि एका प्रश्नावर व्हावी. प्रश्न पूर्ण वाक्यात लिहिलेला असावा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला. अंतिम शीर्षक कोर्सवर्क आणि पहिल्या क्षेत्रकामानंतर, साधारण दीड वर्षाने ठरावं. तोवरचा बदल सल्लागार समितीने आपल्या पातळीवर मान्य करावा, त्यासाठी मोठ्या समितीची बैठक होण्याची वाट पाहायला लागू नये आणि फेलोशिपचा एकही हप्ता त्यापायी अडू नये. त्यानंतर प्रश्न बदलायचा असेल तर विद्यार्थ्याने दोन पानांचं टिपण द्यावं : काय सापडलं, त्यामुळे आधीचा प्रश्न का टिकत नाही, आता काय सोडणार आणि काय नव्याने घेणार. जिल्हा, तालुका किंवा दशक शीर्षकात हवंच असेल तर तेच का, हे समितीने विचारावं. 'माहिती गोळा करायला सोयीचं' हे उत्तर खरं असेल तर ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात मोकळेपणाने लिहावं, शीर्षकात मिरवू नये.

हे टिपण प्रबंधाबरोबर बाहेरच्या परीक्षकांना जावं आणि मौखिकीत त्यावर बोलणं व्हावं. आज मौखिकीत नमुना निवड कशी केली, गृहीतकं सिद्ध झाली का, संदर्भ कोणत्या पद्धतीने दिले, एवढ्यावर अर्धा तास जातो. तुमचा प्रश्न सुरुवातीला काय होता आणि तो असा का झाला, हे विचारलं तर काम कुणी केलं आहे हे पाच मिनिटांत कळेल, कारण याचं उत्तर पाठ करून येता येत नाही आणि दुसऱ्याकडून लिहूनही घेता येत नाही. मंजूर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवले जातातच, त्यांच्याबरोबर ही दोन पानंही चढवावीत. सोडून दिलेले प्रश्न त्यांत नोंदलेले असतील, आणि त्यातला एखादा उचलून पुढच्या वर्षी नोंदणी करणाऱ्या मुलाला जिल्ह्यांच्या यादीतून विषय शोधावा लागणार नाही.